खाजगी शैक्षणिक कर्ज, थकबाकी आणि न्यायालयीन दावे : अमेरिकेतील अनुभवाचा ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

कर्ज, जामीन, मुदत, तगादा, हप्ता, वसुली, दावा, वकील, कैफियत हे शब्द मराठी माणसाच्या तोंडी इतके रुळले आहेत की ते अरबी-फारसीतून आले आहेत याची आठवणही कोणाला होत नाही. देण्याघेण्याचा व्यवहार आणि त्यातून उद्भवणारा तंटा मराठी मुलखात किती जुना आहे, याची साक्ष हे शब्दच देतात. मात्र अलीकडच्या काळात या शब्दांच्या मागे एक नवा कर्जदार येऊन उभा राहिला आहे. तो शेतकरी किंवा व्यापारी नाही. तो विद्यार्थी आहे.

विद्यार्थ्याने शिक्षणासाठी कर्ज काढावे आणि नोकरी लागल्यावर ते फेडावे, ही कल्पना सर्वाधिक मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत राबवली गेली. ते फेडता न आल्यास काय होते, याचा सर्वात मोठा अनुभवही त्याच देशाच्या पदरी आहे. हैदराबाद, वडोदरा, बेळगाव यांसारख्या शहरांतून दरवर्षी अनेक विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत जातात. तेथील नागरिक किंवा कायम रहिवासी नसलेल्या विद्यार्थ्याला साधारणतः सरकारी शैक्षणिक कर्ज मिळत नाही. शिष्यवृत्ती किंवा घरचा पैसा पुरेसा नसेल तर त्याला खाजगी कर्जाकडेच वळावे लागते. त्यामुळे खाजगी कर्ज थकल्यावर होणाऱ्या दाव्यांचा इतिहास आपल्या अध्यापकवर्गाने समजून घेणे उपयुक्त ठरेल. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचे मुख्य टप्पे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

१. सरकारी हमीचा कालखंड

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने ‘स्पुटनिक’ हा उपग्रह अवकाशात सोडला. विज्ञानाच्या शर्यतीत आपण मागे पडलो, या भावनेने अमेरिकेत खळबळ उडाली. १९५८ साली ‘नॅशनल डिफेन्स एज्युकेशन ॲक्ट’ संमत झाला आणि त्यान्वये विद्यार्थ्यांना केंद्र सरकारच्या निधीतून कमी व्याजाची कर्जे मिळू लागली.

दुसरा टप्पा १९६५ चा. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी टेक्सासमधील सॅन मार्कोस येथील आपल्या जुन्या महाविद्यालयात ‘हायर एज्युकेशन ॲक्ट’वर स्वाक्षरी केली. या कायद्याने नवी पद्धत आली. कर्ज बँकेने द्यायचे आणि ते बुडाल्यास भरपाईची हमी सरकारने घ्यायची. विद्यार्थ्याजवळ तारण ठेवण्यासारखे काही नसते, म्हणून बँका त्याला दारात उभे करीत नसत. सरकारी हमीने ती अडचण दूर झाली. १९७२ साली ‘सॅली मे’ ही संस्था स्थापन झाली. बँकांनी दिलेली शैक्षणिक कर्जे विकत घेऊन त्यांच्या हाती पुन्हा पैसा खेळता ठेवणे हे तिचे काम होते.

पुढे २०१० च्या कायद्याने ही हमीची पद्धत नव्या कर्जांपुरती बंद झाली आणि १ जुलै २०१० पासून सरकारी कर्जे थेट केंद्राच्या शिक्षण विभागाकडून दिली जाऊ लागली. ‘सॅली मे’चे मात्र २००४ पर्यंत पूर्ण खाजगीकरण झाले होते. विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी सरकारने जन्माला घातलेली संस्था भागधारकांच्या नफ्यासाठी चालणारी कंपनी बनली. पुढील सर्व घडामोडींची पार्श्वभूमी म्हणून हा बदल ध्यानात ठेवला पाहिजे.

२. दिवाळखोरीचे दार बंद होत गेले

अमेरिकेच्या कायद्यात प्रामाणिक पण अडचणीत सापडलेल्या कर्जदाराला दिवाळखोरीचा मार्ग मोकळा असतो. न्यायालयासमोर आपली स्थिती मांडून तो बहुतेक कर्जांतून मुक्त होऊ शकतो. १९७० च्या दशकात अशी ओरड सुरू झाली की विद्यार्थी पदवी मिळताच दिवाळखोरी जाहीर करून कर्ज बुडवतात. त्यानंतर कायद्यात टप्प्याटप्प्याने बदल झाले.

१९७६ साली पहिले बंधन आले. सरकारी हमीचे शैक्षणिक कर्ज परतफेड सुरू झाल्यापासून पाच वर्षे दिवाळखोरीतून माफ होणार नाही, असे ठरले. १९७८ च्या दिवाळखोरी संहितेत ही तरतूद कायम राहिली. १९९० मध्ये पाचाची सात वर्षे झाली. १९९८ मध्ये वर्षांची मर्यादाच काढून टाकण्यात आली. यापुढे ‘अवाजवी हालअपेष्टा’ सिद्ध केल्याशिवाय सरकारी कर्जातून सुटका नाही, असा नियम झाला.

या ‘हालअपेष्टा’ म्हणजे काय, याचे मोजमाप १९८७ च्या ‘ब्रुनर’ खटल्यात ठरले. कर्जदाराने तीन गोष्टी दाखवायच्या : हप्ते भरल्यास किमान राहणीमानही टिकत नाही, ही स्थिती परतफेडीच्या बऱ्याचशा काळात अशीच राहणार आहे, आणि कर्ज फेडण्याचा आपण प्रामाणिक प्रयत्न केला आहे. ही कसोटी इतकी कडक ठरली की बहुसंख्य कर्जदार त्या वाटेला गेलेच नाहीत.

२००५ च्या दिवाळखोरी सुधारणा कायद्याने हेच संरक्षण खाजगी, नफ्यासाठी चालणाऱ्या सावकारांनाही मिळाले. सरकारी कर्जाला असे संरक्षण देण्यामागे निदान जनतेच्या पैशाचा युक्तिवाद होता. खाजगी बँकेने आपल्या जोखमीवर, आपल्या नफ्यासाठी दिलेल्या कर्जाला तो लागू पडत नव्हता. तरीही जुगाराचे देणे दिवाळखोरीत माफ होऊ शकते आणि शिक्षणाचे सहसा होत नाही, अशी विपरीत स्थिती निर्माण झाली. मान्यताप्राप्त नसलेल्या संस्थांसाठी घेतलेली किंवा शिक्षणाच्या खर्चापेक्षा अधिक घेतलेली काही खाजगी कर्जे या तरतुदीबाहेर राहतात. पण ते ठरवून घेण्यासाठीही न्यायालयाची पायरी चढावी लागते.

३. खाजगी कर्जाची लाट

२००१ ते २००८ या काळात खाजगी शैक्षणिक कर्जाचा बाजार झपाट्याने फुगला. ग्राहक वित्त संरक्षण ब्युरो आणि शिक्षण विभाग यांनी २०१२ साली संयुक्त अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २००१ मध्ये वर्षाला ५ अब्ज डॉलरहून कमी असलेले हे कर्जवाटप २००८ मध्ये २० अब्ज डॉलरच्या वर गेले आणि मंदीनंतर २०११ मध्ये ६ अब्जांच्या खाली आले. त्या सुमारास खाजगी शैक्षणिक कर्जाची एकूण येणी १५० अब्ज डॉलरच्या घरात होती. त्यांपैकी ८ अब्ज डॉलरहून अधिक रकमेची, सुमारे साडेआठ लाख कर्जे थकीत झाली होती.

या वाढीचे कारण कर्जाच्या पुनर्विक्रीत सापडते. बँक विद्यार्थ्याला कर्ज देई आणि थोड्याच काळात ते दुसऱ्या कंपनीला विकून मोकळी होई. अशी हजारो कर्जे एकत्र बांधून एखाद्या न्यासाच्या नावे केली जात आणि त्या गाठोड्यावर रोखे काढून ते गुंतवणूकदारांना विकले जात. कर्ज परत येईल की नाही याची चिंता देणाऱ्याला उरली नाही, म्हणून देताना हातही आखडला गेला नाही. महाविद्यालयाला न विचारता, गरजेची शहानिशा न करता कर्जे दिली गेली. कित्येक विद्यार्थ्यांनी स्वस्त सरकारी कर्जाची आपली मर्यादा पुरी वापरण्याआधीच बदलत्या व्याजदराचे महाग खाजगी कर्ज घेतले. दोन्हींना ‘स्टुडंट लोन’ असेच म्हणत. त्यामुळे दोहोंत फरक आहे हेच अनेकांना कळले नाही.

४. थकबाकीनंतर दावा का होतो?

सरकारी आणि खाजगी कर्जातला खरा फरक थकबाकीच्या वेळी उघड होतो. केंद्र सरकारला आपल्या कर्जाच्या वसुलीसाठी न्यायालयात जाण्याची गरज पडत नाही. प्रशासकीय आदेशाने ते पगारातून १५ टक्क्यांपर्यंत रक्कम कापू शकते आणि आयकराचा परतावा अडवू शकते. १९९१ च्या दुरुस्तीने सरकारी कर्जाच्या वसुलीवरील मुदतीचे बंधनही काढून टाकले आहे.

खाजगी सावकाराला यांपैकी एकही अधिकार नाही. पत्रे पाठवणे, फोनवरून तगादा लावणे, पतनोंदीत शेरा मारणे एवढेच त्याच्या हाती असते. पगाराला किंवा बँक खात्याला हात लावायचा तर त्याला आधी दावा दाखल करून हुकूमनामा मिळवावा लागतो. म्हणून खाजगी कर्जाच्या थकबाकीत दाव्याचा धोका केवळ धमकीपुरता राहत नाही. वसुलीचा सक्तीचा मार्ग तेवढा एकच आहे. त्याच कारणाने कर्जदाराला बचावाची संधीही तेथेच मिळते, कारण न्यायालयात सावकाराला आपले म्हणणे सिद्ध करावे लागते.

खाजगी कर्जाच्या दाव्याला राज्याचा मुदत कायदा लागू होतो. ही मुदत राज्यागणिक वेगवेगळी आहे. न्यूयॉर्कने २०२१ च्या कायद्याने ग्राहक कर्जांच्या दाव्याची मुदत सहावरून तीन वर्षांवर आणली. मात्र मुदत संपली म्हणून न्यायालय आपणहून दावा फेटाळतेच असे नाही. बहुतेक ठिकाणी तो बचाव प्रतिवादीनेच घ्यावा लागतो. शिवाय अनेक राज्यांत जुन्या कर्जापोटी छोटीशी रक्कम भरली तरी मुदत नव्याने सुरू होऊ शकते. सदिच्छेने भरलेले पंचवीस डॉलर असे कर्जदाराच्या गळ्याशी येऊ शकतात.

हुकूमनामा झाल्यावर चित्र पालटते. १९६८ च्या केंद्रीय कायद्यानुसार साधारण कर्जासाठी हाती येणाऱ्या पगाराच्या कमाल २५ टक्के रक्कम जप्त करता येते. टेक्सास, पेनसिल्व्हेनिया यांसारख्या थोड्या राज्यांत अशा देण्यासाठी वेतनजप्तीला जवळजवळ मनाई आहे. पण बँक खाते गोठवणे, घरावर बोजा चढवणे हे मार्ग उरतातच. अनेक राज्यांत हुकूमनाम्याचे आयुष्य दहा वर्षे किंवा त्याहून अधिक असते आणि त्याचे नूतनीकरणही होते.

सर्वात गंभीर बाब अशी की बहुतेक प्रतिवादी न्यायालयात येतच नाहीत. ‘प्यू’ या संस्थेने २०२० साली केलेल्या पाहणीत, जेथील आकडे उपलब्ध होते तेथे, कर्जवसुलीच्या सत्तर टक्क्यांहून अधिक दाव्यांत एकतर्फी हुकूमनामे झाल्याचे आढळले. वकील लाभलेले प्रतिवादी दहा टक्क्यांहूनही कमी होते. समन्स हाती पडले नाही, पडले तर कळले नाही, कळले तर भीती वाटली, अशी ही कारणांची साखळी आहे. एकतर्फी हुकूमनामा झाला की पुरावा तपासण्याचा प्रश्नच उरत नाही.

५. कागद नसलेले दावे

याचे सर्वात बोलके उदाहरण म्हणजे ‘नॅशनल कॉलेजिएट स्टुडंट लोन ट्रस्ट’ या नावाने ओळखला जाणारा पंधरा न्यासांचा समूह. अनेक बँकांनी दिलेली खाजगी शैक्षणिक कर्जे २००१ ते २००७ या काळात या न्यासांकडे आली. या कर्जांना हमी देणारी ‘टेरी’ ही संस्था एप्रिल २००८ मध्ये स्वतःच दिवाळखोरीत गेली. हमी गेली आणि मंदी आली, तेव्हा न्यासांच्या नावाने दावे दाखल होऊ लागले.

सप्टेंबर २०१७ मध्ये ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोने या न्यासांवर आणि त्यांच्या वतीने वसुली करणाऱ्या कंपनीवर कारवाई केली. नोव्हेंबर २०१२ ते एप्रिल २०१६ या काळात देशभर सुमारे ९४ हजार दावे दाखल झाल्याचे ब्युरोने नमूद केले. त्यांपैकी किमान दोन हजार दाव्यांत कर्ज सिद्ध करणारे आवश्यक कागदच नव्हते आणि काही शे दावे मुदत संपल्यावर लावलेले होते. दाव्यासोबतच्या प्रतिज्ञापत्रांवर ज्यांनी सह्या केल्या त्यांना त्या कर्जाची प्रत्यक्ष माहिती नसतानाही, ती असल्याचे शपथेवर लिहिले गेले, असाही आक्षेप होता. कर्ज बँकेकडून मधल्या कंपनीकडे आणि तिच्याकडून न्यासाकडे गेले, पण हस्तांतराचा कागद प्रत्येक पायरीवर सोबत गेला नव्हता. जेथे कर्जदार न्यायालयात हजर राहिला आणि त्याने ‘कर्ज तुमच्याच मालकीचे आहे हे दाखवा’ असे विचारले, तेथे कित्येक दावे फेटाळले किंवा मागे घेतले गेले. जेथे तो आला नाही, तेथे त्याच प्रकारच्या कागदांवर हुकूमनामा मिळाला.

ब्युरो आणि न्यास यांच्यातील तडजोड डेलावेअरच्या केंद्रीय न्यायालयाने मे २०२० मध्ये नाकारली, कारण न्यासांच्या वतीने तिला संमती देणाऱ्या वकिलांना तसा अधिकार नव्हता. मार्च २०२४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने असे न्यास ब्युरोच्या कक्षेत येतात असा निर्णय दिला. दरम्यान कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये स्वतंत्र कायदा करून, पुरेशी कागदपत्रे हाती असल्याखेरीज खाजगी शैक्षणिक कर्जाचा दावा लावता येणार नाही, असे ठरवले.

६. सही करणारा दुसरा माणूस

खाजगी कर्जावर विद्यार्थ्याखेरीज आणखी एकाची सही असते. उपरोक्त २०१२ च्या अहवालानुसार २०११ साली नव्वद टक्क्यांहून अधिक खाजगी कर्जांवर अशी दुसरी सही होती. आई, वडील, आजोबा, काका किंवा मामू हे सही करताना ‘मुलाचे भले होईल’ एवढाच विचार करतात. कायद्याच्या दृष्टीने ते केवळ साक्षीदार नसतात. पूर्ण कर्जाचे देणेकरीच असतात. सावकार दोघांवर किंवा फक्त त्यांच्यावरही दावा लावू शकतो.

काही करारांत याहून विचित्र अट होती. हप्ते वेळेवर चालू असतानाही जामीनदार मरण पावला किंवा दिवाळखोर झाला तर संपूर्ण कर्ज तत्काळ थकीत ठरे. ब्युरोने २०१४ मध्ये या प्रकाराकडे लक्ष वेधले आणि २०१८ च्या कायद्याने नव्या कर्जांपुरती ही अट बेकायदा ठरवली. त्याच कायद्याने विद्यार्थ्याचा मृत्यू झाल्यास नव्या कर्जातील जामीनदाराला मुक्त करण्याची तरतूद केली. अपत्य गमावलेल्या आईवडिलांकडे त्याच्या शिक्षणाचे हप्ते मागितले जाण्याचे प्रसंग त्यापूर्वी घडले होते.

हा प्रश्न मागे पडलेला नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीचे ‘ग्रॅड प्लस’ हे सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद करण्याचे आणि इतर सरकारी कर्जांवर मर्यादा घालण्याचे २०२५ च्या कायद्याने ठरवले. उरलेली तूट खाजगी कर्जानेच भरून निघेल, हे उघड आहे.

७. दख्खनची आठवण

महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकाला हे सारे ओळखीचे वाटेल. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांवर उठाव केला. त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. रोखे हिसकावून जाळले गेले. त्यामागे दिवाणी न्यायालयांचा अनुभव होता. रयत न्यायालयात हजर होत नसे आणि सावकाराला एकतर्फी हुकूमनामा मिळे. १८५९ च्या मुदत कायद्याने साध्या रोख्यांवरील दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू रयतेच्या संरक्षणाचा होता, पण सावकार मुदत संपण्याआधी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागले आणि कर्ज वाढतच गेले.

यावर उपाय म्हणून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. न्यायालयाने प्रतिवादीची स्वतः तपासणी करावी, रोख्यावरील आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार पाहावा, आणि रोखे गावच्या निबंधकासमोर लिहिले जावेत, अशा तरतुदी त्यात होत्या. कर्जदार गैरहजर असला तरी कर्जाचा खरेपणा तपासलाच पाहिजे, हे तत्त्व दख्खनमध्ये १८७९ साली मान्य झाले होते. अमेरिकेतील राज्ये शैक्षणिक कर्जाच्या बाबतीत त्या दिशेने आता कुठे पावले टाकीत आहेत.

इस्लामी परंपरेत हे तत्त्व त्याहूनही जुने आहे. कुरआनातील सूरह बकराची २८२ वी आयत ही सर्वात दीर्घ आयत असून तिचा विषय कर्जाचा दस्तऐवज हा आहे. मुदतीचे कर्ज लिहून ठेवावे, लेखकाने न्यायाने लिहावे, साक्षीदार असावेत, असा तिचा आशय आहे. त्याआधीची २८० वी आयत अडचणीतील कर्जदाराला सवड देण्यास सांगते. लेखी पुरावा आणि सवलत या दोन्ही गोष्टी एकाच प्रकरणात जवळजवळ याव्यात, हे विचार करण्याजोगे आहे. व्याजी कर्ज घ्यावे की नाही, हा श्रद्धेचा आणि फिक्हचा प्रश्न येथे चर्चेला घेतलेला नाही. पण ज्याने ते घेतले आहे त्याला कायद्याची माहिती देणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरते.

८. भारतीय संदर्भ

भारतात २००१ साली इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेने शैक्षणिक कर्जाला एकसारखे रूप दिले. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण नव्हते, पण पालकांची सहकर्जदार म्हणून सही आवश्यक होती. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी, करारात वेगळे ठरले नसेल तर, मूळ कर्जदाराइतकीच असते. १९६३ च्या मुदत कायद्यात अशा वसुलीच्या दाव्याला साधारणतः तीन वर्षांची मुदत आहे, मात्र लेखी कबुली दिल्यास किंवा मुदतीत अंशतः रक्कम भरून तशी नोंद झाल्यास ती नव्याने मोजली जाते. समन्स मिळाल्यावर कैफियत देण्यास तीस दिवस असतात, न्यायालय ते नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. सरसरी दाव्यात मात्र दहा दिवसांतच हजेरी नोंदवावी लागते. एकतर्फी हुकूमनामा सबळ कारण दाखवून रद्द करून घेता येतो, पण त्यासाठीची मुदत अवघी तीस दिवसांची आहे. १९८७ च्या कायद्याखालील लोकअदालतीत तडजोडीचा मार्गही खुला असतो.

समारोप

वरील आढाव्यातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, शैक्षणिक कर्जातील धोका हप्त्याच्या रकमेपेक्षा कराराच्या प्रकारात अधिक असतो. सरकारी की खाजगी, स्थिर व्याज की बदलते, जामीनदार कोण आणि तो कधी मुक्त होणार, हे सही करण्यापूर्वी विचारले पाहिजे. दुसरी, हप्ता चुकणार असे दिसताच सावकाराशी लेखी बोलणे करावे आणि प्रत्येक कागद जपून ठेवावा. सावकाराकडे कागद नसल्याचे दाखवायचे तर आपल्याकडचे कागद शाबूत हवेत. तिसरी आणि सर्वात महत्त्वाची, समन्सकडे पाठ फिरवू नये. सुप्याच्या कुणब्यापासून ओहायोच्या पदवीधरापर्यंत, कर्जदाराचे सर्वाधिक नुकसान कर्जाइतकेच त्याच्या गैरहजेरीने झाले आहे.

महाविद्यालयातील अध्यापक वकील नसतो. पण परदेशी प्रवेशाच्या शिफारसपत्रावर सही घ्यायला विद्यार्थी त्याच्याकडेच येतो. त्या वेळी पाच मिनिटे थांबवून ‘कर्ज कोणाकडून घेतोस आणि घरातल्या कोणाची सही आहे?’ एवढे विचारणे त्याला शक्य आहे. अल्पसंख्याक शिक्षणसंस्थांनी कर्ज-ए-हसना निधीबरोबरच कर्जविषयक मार्गदर्शनाची सोय केल्यास अनेक कुटुंबांवरील संकट टळू शकेल. ज्या घरातील पहिलाच मुलगा किंवा मुलगी परदेशी शिकायला निघते, तेथे हा प्रश्न विचारणारा दुसरा कोणी नसतो.